मुठीचं माप

१

डॉक्टरांनी डबा टेबलावर ठेवला नाही, आपटला.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "माझी मूठ कुठं आहे?"

ताईच्या हातात रेझिनची बाटली होती. ती खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. डब्यातल्या स्पंजच्या खाचेत लाल मूठ निजली होती. जुन्या विमानाच्या खेळाच्या मशीनची ती जॉयस्टिक: बोटांसाठी चार खळगे, पुढं चाप, अंगठ्याखाली बटण. नाणं टाकून खेळायची ती मशीनं बंद पडून जमाना झाला, ती बनवणारा कारखानाही उरला नाही. पण हौशी लोक ती अजून जिवापाड जपतात, आणि त्यांचे तुटलेले भाग हुबेहूब नव्यानं घडवून देणं हाच ताईच्या कार्यशाळेचा धंदा होता. अस्सल भागावर रबर ओतून साचा घ्यायचा, साच्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओतून नक्कल काढायची.

दातांचे हे डॉक्टर हौशी मंडळींमधले सर्वांत मोठे. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची चाळीस मशीनं होती. त्यातलं विमानाचं मशीन आता एका संग्रहालयात जाणार होतं, आणि तेही सगळे भाग मूळचे आहेत या डॉक्टरांच्या शब्दावर. जाण्याआधी इतर हौशींसाठी पाच नकला निघाव्यात म्हणून त्यांनी मूठ ताईकडे दिली होती. काम झालं, डबा परत गेला. त्याला तीन दिवस झाले होते.

"संग्रहालयाच्या तज्ज्ञानं ही दिव्यासमोर धरली," डॉक्टर म्हणाले. "आत बुडबुडा आहे. मोहरीएवढा. कारखान्यात प्लास्टिक दाबानं भरतात, त्यात बुडबुडा राहत नाही. ही ओतलेली आहे. आणि असल्या मुठी ओततं कोण? तुम्ही! त्या माणसासमोर माझी मान खाली गेली."

"डॉक्टर, आम्ही असं कशाला करू?"

"ते तुम्हीच शोधा. हौशी मंडळाला मी कालच लिहिलंय. परवापर्यंत माझी मूठ आली नाही तर पोलिसांत जाईन. ही ठेवा तुमची तुम्हालाच."

ते गेले. जिना उतरतानाचे त्यांचे बूट बराच वेळ ऐकू येत राहिले.

ताईनं भिंतीजवळच्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं. डबा दोन आठवडे त्याच कपाटात होता, कुलूपबंद. कुलपाच्या चाव्या तीन. एक तिची, एक मिस्त्रींची आणि एक तिच्या सख्ख्या भावाची.

२

ताईची मावशी एका मोठ्या कारखान्याच्या मापखोलीत एकतीस वर्षं होती. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक दिसली तरी ती माल परत पाठवायची, म्हणून कामगारांनी तिचं नाव मायक्रॉनबाई ठेवलं होतं. निवृत्त झाली तरी पर्समधलं मापाचं व्हर्नियर काही सुटलं नव्हतं.

"कुणावर संशय आहे?" आल्या आल्या तिनं विचारलं.

"कुणावरच नाही."

"बाहेरच्यावर असता तर एव्हाना चार शिव्या घालून मोकळी झाली असतीस. म्हणजे घरातल्यावर आहे." मावशीनं खुर्ची ओढली. "असू दे. आधी मिस्त्रींना पाठव."

मिस्त्री साठीचे. साचे घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते आले ते टोपी हातात घेऊनच.

"मूठ आली त्या दिवसाचं पहिल्यापासून सांगा," मावशी म्हणाली.

"सोमवारी सकाळी डॉक्टरांचा मेकॅनिक घेऊन आला. आता खोटं कशाला बोलू, माझं निम्मं काम त्यानंच करून आणलं होतं. मूठ उघडून दोन फाका केलेल्या, स्क्रूची भोकं मेणानं बुजवलेली, वरून बोट फिरवून सपाट. म्हटलं, हे कुठं शिकलास बाबा? नुसता हसला. मग आम्ही रबर ओतेपर्यंत तिथं स्टुलावर बसून होता. चांगले तीन तास. चहालासुद्धा उठला नाही."

"म्हणजे रबर ओतण्याआधी मुठीजवळ एकटं असं कुणीच नव्हतं?"

"छे! तो डोळ्यांत तेल घालून बसला होता."

"आणि नंतर?"

"दुसऱ्या दिवशी फाका साच्यातून सोडवल्या आणि डब्यात ठेवल्या. मेण मीच काढतो म्हणून तो सांगून गेला होता, तेव्हा तेही तसंच. डबा कपाटात. परत जाईपर्यंत तिथंच."

"त्या दोन आठवड्यांत कुणी हात घातला असेल?"

मिस्त्रींनी टोपी उलटी केली, सुलटी केली. "धाकट्या मालकांच्या टेबलाचा खण हल्ली बंद असतो. एरवी सताड उघडा असायचा. मी काही म्हणत नाही."

ताईची नजर त्या खणाकडे गेली.

मग धाकटा भाऊ आला. ताईपेक्षा नऊ वर्षांनी लहान, कामात तरबेज, रागाचा मात्र पक्का. "मिस्त्री गेले पंधरा दिवस रोज काहीतरी फडक्यात गुंडाळून घरी नेतात," तो म्हणाला. "विचारलं तर म्हणतात काही नाही. मीही काही म्हणत नाही."

"काही न म्हणता बरंच म्हणता रे तुम्ही लोक," मावशी म्हणाली. "तुझ्या खणात काय आहे?"

धाकट्याचा चेहरा एकदम बंद झाला. "माझ्या वस्तू."

तो उठून कामाला निघून गेला.

३

दुपारी धाकटा जेवायला गेला, मिस्त्री हात धुवायला मागं गेले, आणि ताई धाकट्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

हा मुलगा तिच्या कडेवर वाढला होता. पहिली बटणं दोघांनी मिळून घरच्या स्वयंपाकघरात ओतली होती, आणि वास जाईना म्हणून आईची बोलणी खाल्ली होती. तो चोरी करेल? नाही. पण मागच्याच महिन्यात तो म्हणाला होता, असली मूठ एकदा हातात आली की परत द्यावीशी वाटत नाही. तेव्हा ती हसली होती. आता तेच वाक्य तिच्या डोक्यात गिरमिटासारखं फिरत होतं.

खणाचं कुलूप किरकोळ होतं. पातळ पट्टी सरकवताच निघालं.

आत पेन्सिली होत्या, सॅंडपेपरचे तुकडे होते, आणि मागं जुन्या बनियनच्या कापडात काहीतरी गुंडाळलेलं. तिनं कापड उलगडलं. खिडकीच्या उजेडात लाल रंग पेटल्यासारखा दिसला. मूठ होती. दोन फाका, चार खळगे, चापाची खाच.

तिनं ते कापड पुन्हा गुंडाळायला घेतलं.

"सापडलं का हवं ते?"

दारात धाकटा उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक.

४

"ती चाचणीची आहे," धाकटा म्हणाला. तो मावशीकडे बघून बोलत होता. ताईकडे त्याची पाठ होती. "साच्यातून निघालेली पहिली. डॉक्टरांशी बोलणं पाचाचंच झालं होतं, चाचणीची फोडून टाकायची होती. मी नाही फोडली."

"का?"

"कारण ती मी एकट्यानं ओतली होती. मिस्त्री डोक्यावर उभे नव्हते, ताई विचारत नव्हती की मिश्रण बरोबर घेतलंस ना. पहिल्यांदा. आणि एकही बुडबुडा नाही." त्यानं खांदे उडवले. "ठेवावीशी वाटली, ठेवली. चोरी म्हणायची तर एवढी आहे."

"असं सगळेच म्हणतील," ताईच्या तोंडून निघून गेलं. तिला ते परत घ्यायचं होतं, पण शब्द बाहेर पडले होते. धाकट्यानं मान खाली घातली.

"वाद नंतर घाला," मावशी म्हणाली. "मिस्त्री, साचा आणा."

साचा म्हणजे पांढऱ्या रबराचे दोन ठोकळे, प्रत्येकात एका फाकेचा खोलगट ठसा. मावशीनं धाकट्याच्या खणातली फाक उचलली, साच्यात बसवली आणि टोकापाशी पोलादाची एक कागदासारखी पातळ पट्टी सरकवली. पट्टी सहज आत गेली. फाक साच्यात किंचित हलतही होती.

"सैल बसते," मावशी म्हणाली. "का?"

"रेझिन घट्ट होताना आकसतं ना, बाई," मिस्त्री म्हणाले. "नक्कल साच्यापेक्षा नेहमी जराशी लहान निघते. म्हणून मोठ्या कामाला आम्ही मूळ वस्तूच जरा वाढवून घेतो. या मुठीला अर्ध्या मिलिमीटरानं काही अडत नाही, म्हणून तशीच ओतली."

"आणि रबर? ते आकसतं?"

"हे भारीतलं आहे. नाही म्हटलं तरी चालेल."

मावशीनं आता डॉक्टरांनी आणून आपटलेली मूठ घेतली, स्क्रू काढले आणि तिची फाक साच्यात ठेवली. ती आपसूक आत गेली नाही. अंगठ्यानं दाबावी लागली आणि मग चपखल बसली. पट्टी कुठल्याच बाजूनं शिरेना. मावशीनं फाक बाहेर काढून व्हर्नियर लावलं, मग धाकट्याच्या फाकेला लावलं.

"डॉक्टरांची एकशे बारा मिलिमीटर. याची एकशे अकरा पूर्णांक पाच," ती म्हणाली. उघडलेली फाक तिनं खिडकीशी नेली आणि स्क्रूच्या भोकांना व्हर्नियर लावून बराच वेळ बघत राहिली.

"मावशी, बोल ना काहीतरी."

"मिस्त्री, ते फडक्यातलं काय ते सांगा आता. उगाच लोंबकळत राहायला नको."

मिस्त्री कानकोंडे झाले. "घासकाम नेत होतो, बाई. पाच मुठींच्या कडा. मला आता बारीक दिसत नाही. सून बघून सांगते कुठं राहिलंय ते. ताईंना कळलं तर म्हणतील, म्हातारा झाला."

"झालं तर," मावशी म्हणाली. तिनं व्हर्नियर मिटलं. "ताई, तुमच्या कपाटातून काहीच चोरीला गेलेलं नाही. चल डॉक्टरांकडे. मला त्या मशीनचा दांडा मोजायचाय."

५

वरच्या मजल्यावर मशीनं ओळीनं उभी होती, बहुतेकांवर चादरी. खिडकीजवळच्या विमानाच्या मशीनवर मात्र चादर नव्हती. त्याच्या फळीतून लोखंडी दांडा उघडाबोडका वर आला होता. मूठ नसल्यानं मशीन थोटं वाटत होतं. शेजारी मेकॅनिक पिवळं फडकं घेऊन काच पुसत होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, नखं स्वच्छ.

"मूठ आणलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन प्रश्न आहेत," मावशी म्हणाली. "दोघांनाही तेच. ही मूठ उघडली कधी होती?"

"मी? कधीच नाही," डॉक्टर म्हणाले. "दातांखेरीज दुसऱ्या कशाला मी हत्यार लावत नाही. मशीनं सगळी याच्या हातात. बावीस वर्षं."

"मीही नाही," मेकॅनिक म्हणाला. "मूठ कारखान्यातून आली तशीच होती. दांड्यावरून उपसली की अख्खी हातात येते, स्क्रूला हात लावावा लागत नाही. मी पुसतो, दांड्याला तेल देतो, बस."

"साच्याला नेलीत तेव्हा?"

"तेव्हाही तशीच अख्खी नेली. मिस्त्रींनी उघडली असेल."

ताईनं चमकून मावशीकडे पाहिलं. मावशीच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"स्क्रू दांड्याच्या भोकांतूनच आरपार जातात ना?" तिनं विचारलं.

"जातात," मेकॅनिक म्हणाला. एवढ्यानंही त्याचं फडकं थांबलं.

मावशीनं वाकून दांड्यावरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. मग ती सरळ उभी राहिली.

"डॉक्टर, खुर्ची घ्या. आणि तुम्ही," ती मेकॅनिककडे वळली, "मघाशी दोनदा खोटं बोललात. एकदा मूठ उघडण्याबद्दल आणि एकदा दांड्याबद्दल. स्क्रू काढल्याशिवाय मूठ या दांड्यावरून उपसताच येत नाही."

६

"तुमची शंका अशी," मावशी डॉक्टरांना म्हणाली, "की अस्सल मूठ कार्यशाळेत गेली, हिच्या माणसांनी साचा घेतला, साच्यातून नक्कल ओतली आणि अस्सल ठेवून नक्कल तुम्हाला दिली. बरोबर?"

"दुसरं काय होणार?"

"मग ती नक्कल साच्यापेक्षा लहान हवी. ओतलेलं रेझिन आकसतं. हिच्या भावानं त्याच साच्यातून काढलेली ही फाक बघा: अर्धा मिलिमीटर लहान, साच्यात हलते. आणि तुम्ही खोटी म्हणून आणलेली ही: साच्यात दाबून बसवावी लागते. अर्थ कळला? ही साच्यातून निघालेली नाही. साचा हिच्यावरून घेतलाय."

डॉक्टर खुर्चीत पुढं झुकले.

"साचा घेतला तो मूठ पोचली त्याच सकाळी. तुमचा हा माणूस तीन तास स्टुलावरून हलला नाही. म्हणजे बदलायला कुणाला सवडच नव्हती. मूठ आली तीच खोटी आली."

"पण कुणीतरी मुद्दाम वाढवून, साच्याच्या मापाची केली असेल तर?" डॉक्टर म्हणाले. आवाजातला चढ मात्र गेला होता.

"करता आली असती. पण जो अख्खी मूठ वाढवेल तो भोकं कशी विसरेल?" मावशीनं फाक पुढं केली. "दांड्याच्या दोन भोकांत साठ मिलिमीटर अंतर आहे. या फाकेवरची भोकं मूळची एकोणसाठ पूर्णांक सातवर होती. आकसली, म्हणून जुळेनात. मग कुणीतरी गोल कानस घालून ती बाहेरच्या बाजूला लांबट केली. आता कानशीच्या खुणांत काय साचलंय ते बघा."

डॉक्टरांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. दातांतली कीड शोधणारा तो डोळा तिथं बराच वेळ थांबला. "तेल," ते हळूच म्हणाले. "काळं, कडक झालेलं. लोखंडाचा गंज त्यात मुरलाय."

"तीन आठवड्यांत मुरतो?"

"नाही. वर्षं लागतात."

"तीच भोकं मिस्त्रींना दिसू नयेत म्हणून यानं फाका वेगळ्या करून, मेण भरून नेल्या. मेण काढूही दिलं नाही. कानस लावली हे ज्याला ठाऊक होतं तोच ती लपवणार, आणि तुम्ही तर कधी हत्यारच लावलं नाहीत." मावशी मेकॅनिककडे वळली. "रागानं विचारत नाही. काय झालं होतं?"

मेकॅनिकनं फडक्याची घडी केली. मग त्या घडीची घडी केली.

"बारा वर्षं झाली," तो म्हणाला. "डाग जाईना म्हणून थिनर लावलं. दोन मिनिटांत तडे गेले. उचलली तर हातातच तुकडे झाले. घरी नेऊन कसेबसे जोडले, पुस्तकात वाचून साचा केला, लाल रंग कालवून ओतली. आकसतं हे मला कुठं माहीत होतं? रात्रीत बसली पाहिजे एवढंच डोक्यात. कानस मारली, बसवली."

"बारा वर्षं," डॉक्टर म्हणाले. "रोज माझ्यासमोर पुसत होतास."

"रोज वाटायचं, आज सांगू. पण तुम्ही मला पुन्हा एकाही मशीनला हात लावू दिला नसता. आणि मला दुसरं काही येत नाही, डॉक्टर. येत नाही म्हणजे... आवडत नाही."

"आणि या लोकांवर आळ आला तेव्हा?"

त्यानं ताईकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. ताईला राग यायला हवा होता. आला तो अर्धाच, कारण उरलेला तिला स्वतःवर खर्चायचा होता.

"तुकडे?" मावशीनं विचारलं. "फेकले?"

"नाही. बिस्किटाच्या डब्यात आहेत. फेकवेनात."

डॉक्टर उठले, मशीनपाशी गेले आणि त्या थोट्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. "संग्रहालयाला खरं काय ते कळवतो," ते शेवटी म्हणाले. "तुझं काय करायचं ते मला आज ठरवता येणार नाही. चावी टेबलावर ठेव आणि घरी जा." मग ताईकडे वळून, "माझी चूक झाली. माफ करा."

"माफी मला मिळाली," ताई म्हणाली. "मंडळाला लिहिलं होतंत ना? तेवढंच लांब पुन्हा लिहा. आजच. आणि त्यात मिस्त्री आणि माझा भाऊ, दोघांचा वेगळा उल्लेख करा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि तिच्यासमोरच लिहायला बसले.

७

दोन दिवसांनी बिस्किटाचा डबा कार्यशाळेत आला. आत लाल प्लास्टिकचे अकरा तुकडे, प्रत्येक कागदात गुंडाळलेला. डॉक्टरांची चिठ्ठी होती: जमलं तर उभी करा, तुटलेली दिसली तरी चालेल, संग्रहालय तशीच घ्यायला तयार आहे.

तुकडे धाकट्यानं मांडले. दोन दिवस तो वेळेवर आला होता, काम केलं होतं, विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं होतं. मिस्त्रींशी मात्र बोलत होता, आणि मिस्त्रीही त्याच्याशी. एकमेकांवरच्या संशयाची दोघांनी थट्टा करून टाकली होती. ताईला त्या थट्टेत कुणी घेतलं नव्हतं.

"दोन मोठे तुकडे आधी," मिस्त्री म्हणाले. "गोंद हळू धरतो. वीस मिनिटं दाबून ठेवायचे, आणि दोन्हीकडून सारखे. शिकंजा लावला तर फुटतील, हातानंच धरावे लागतील. माझा हात थरथरतो."

धाकट्यानं एक तुकडा उचलला. दुसरा कुणी उचलेना, तेव्हा ताईनं उचलला. कडा जुळल्या. दोघांनी दाबून धरलं, टेबलाच्या दोन बाजूंनी, कपाळं जवळजवळ टेकतील एवढ्या अंतरावर. आता सोडून जायची सोय दोघांनाही नव्हती. मिस्त्री घड्याळ लावून मागच्या खोलीत गेले ते आलेच नाहीत.

पाच मिनिटं गेली.

"खरंच वाटलं तुला?" धाकट्यानं विचारलं. तो सांध्याकडे बघत होता.

ताईला सोपं उत्तर देता आलं असतं. "वाटलं," ती म्हणाली. "सकाळपासून. आणि खणात लाल दिसलं तेव्हा खात्रीच झाली."

त्याचा अंगठा किंचित सरकला. तिनं तुकडा घट्ट धरला.

"संशयाचं नाही गं," तो म्हणाला. "मीही मिस्त्रींवर घेतला. पण तू मला विचारलं असतंस तर मी उघडून दाखवलं असतं. मावशीला नाही सांगितलं, तुला सांगितलं असतं. तू मी जेवायला जायची वाट बघितलीस."

"हो."

"ते जात नाही डोक्यातून."

"जाईल असं मी म्हणत नाही," ताई म्हणाली. हात हलवता येत नव्हता, डोळे पुसता येत नव्हते. "मला भीती वाटली होती. विचारलं आणि तू हो म्हणालास तर काय, याची. म्हणून नाही विचारलं. चुकलं माझं."

बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं; ती एकदाची सुरू झाली आणि निघून गेली. घड्याळात अजून अकरा मिनिटं होती.

"नाक खाजतंय," धाकटा म्हणाला.

ताईनं खांदा पुढं झुकवून त्याचं नाक घासलं, लहानपणी घासायची तसं, जोरात.

"हळू," तो म्हणाला. "सांधा हलेल."